खजुराच्या बागेतली कहव्याची खोली

परत आल्यापासून भेटेल तो पहिला प्रश्न हाच विचारतो, "काय हो, स्कड पाहिलं का?" नाही पाहिलं. आखाती युद्धात इराकने रियाधवर डागलेलं ते क्षेपणास्त्र आम्ही फक्त ऐकलं, तेही जेवणाच्या टेबलाखाली बसून. मी जे नीट पाहिलं, हात लावून पाहिलं, ती एका खजुराच्या बागेतली शंभराहून जास्त वर्षांची मातीची खोली. त्या खोलीत मी जेवढी घाबरले तेवढी रियाधच्या भोंग्यांनाही घाबरले नाही. आणि त्या भीतीला इराकची क्षेपणास्त्रं जबाबदार नव्हती. म्हणून हा प्रवास लिहून काढते आहे.

मलाझ सोडताना

आम्ही रियाधच्या मलाझ भागात राहत होतो. श्रीकांत, माझे यजमान, शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपांच्या देखभालीवर इंजिनिअर. युद्ध असो नसो, पाणी थांबत नाही, त्यामुळे त्यांना सुट्टी नव्हती. रियाधहून प्रवासी विमानं बंद होती. जेद्दाहून मुंबईची विमानं सुटतात असं कळलं, म्हणजे आधी गाडीने देश आडवा पार करायचा.

मला एकटीला जायचं असतं तर मी गेलेच नसते. पण श्रीकांतच्या कंपनीचा ड्रायव्हर इब्राहिम, श्रीवर्धनकडचा, त्याच्या बायकोला, झुबेदाला, सातवा महिना लागला होता. तिची आधीची दोन मुलं पोटातच गेली होती. हे तिसरं. अजून थोडे दिवस गेले की कुठलंही विमान तिला घेणार नव्हतं, आणि रियाधमध्ये प्रत्येक भोंग्याला ती पोट धरून जिन्याखाली जाऊन बसायची. इब्राहिमने रजा मागितली. श्रीकांतनी त्यांच्याबरोबर माझंही नाव घातलं. "तू बरोबर असलीस म्हणजे मला काळजी नाही," असं ते म्हणाले. हे वाक्य मला पुढे फार दिवस पुरलं.

मी याद्या करते. लग्नाला पाहुणे किती, गॅसचं नळकांडं कधी लावलं, कुणाला कोणती गोळी चालत नाही, सगळं वहीत असतं. या प्रवासाची यादी तीन पानांची झाली. पाणी, खजूर, दोन स्टोव्ह पिना, झुबेदाच्या गोळ्या, इकाम्यांच्या, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यांच्या, झेरॉक्स, कंपनीच्या शिक्क्याचं पत्र. आणि सर्वांत महत्त्वाचं, खोली बंद करायचं सामान. विषारी वायूचा हल्ला झाला तर एक खोली प्लॅस्टिकने आणि चिकटपट्टीने हवाबंद करा, दाराखाली ओला टॉवेल लावा, असं टीव्हीवर रोज सांगत होते. चिकटपट्टी सगळ्या शहरात संपली होती. बत्ह्याच्या बाजारात एका केरळी दुकानदाराने काउंटरखालून सहा रोल काढून दिले तेव्हा मला जो आनंद झाला तो सोन्याच्या दुकानातही कधी झाला नव्हता.

निघताना श्रीकांत गाडीपाशी आले. "यादी झाली?"

"झाली."

"माझं नाव कुठे आहे त्यात?"

"तुम्ही सामान आहात का?" मी म्हटलं. ते हसले. मी हसले नाही, कारण हसले असते तर रडले असते.

बागेपर्यंत

रस्त्यावर आमच्यासारख्याच गाड्या होत्या. टपावर गाद्या, सुटकेस, एकावर तर लहान मुलाची सायकल. सगळ्या पश्चिमेकडे. कुणी कुणाला ओव्हरटेक करताना हॉर्न वाजवत नव्हतं, कारण कुठलाही लांब आवाज भोंग्यासारखा वाटत होता. चौकीवर एका कोवळ्या शिपायाने माझं पत्र उलट धरून वाचलं, मग मागच्या सीटवरच्या झुबेदाकडे पाहिलं आणि घाईघाईने म्हणाला, "यल्ला, यल्ला," म्हणजे निघा, निघा.

"शिपाय घाबरला तुला," इब्राहिम बायकोला म्हणाला.

"मी काय त्याच्या चौकीत बाळंत होनार होते?" झुबेदा म्हणाली. त्या दिवशी तिचं तेवढंच एक हसणं.

डॉक्टरने तिला एका दिवसात चार तासांपेक्षा जास्त बसायला मना केलं होतं. म्हणून पहिला मुक्काम श्रीकांतच्या कफीलच्या वडिलोपार्जित बागेत ठरला होता. कफील म्हणजे ज्याच्या नावावर आपण तिथे नोकरी करतो तो मालक. भला माणूस. त्याने बागेच्या राखणदाराला निरोप धाडला होता.

डांबरी रस्ता सोडून अर्धा तास गेलो आणि वाळवंटात एकदम हिरवं दिसलं. मातीची कुंपणभिंत, आत खजुराच्या रांगा, त्यांच्या सावलीत डाळिंबं, त्यांच्या खाली लसूणघासाचे वाफे आणि वाफ्यांतून पाण्याचे पाट. मधोमध ती खोली. राहण्याचं घर नव्हे. मालकाच्या पणजोबाने पाहुण्यांना कहवा पाजायला, म्हणजे तिकडची वेलची घातलेली बिनसाखरेची कॉफी पाजायला, बागेत बांधलेली स्वतंत्र इमारत. जाड मातीच्या भिंती, वरच्या कडेला पायऱ्यापायऱ्यांची नक्षी, झाऊच्या लाकडाचं दार आणि त्यावर लाल, काळ्या, पिवळ्या रंगात काढलेली चक्रं. आत गेलं की छत दोन माणसं उंच. एका बाजूला जमिनीत खोल केलेली चूल, तिच्या मागे पांढऱ्या चुन्यात कोरलेले कोनाडे, त्यांत पितळी चोचीच्या कहवादाण्या उंचीप्रमाणे मांडलेल्या. भिंतींत वर त्रिकोणी झरोके, अठरा. आणि चुलीच्या बरोबर वर छताला एक चौकोनी भोक. त्याला लाकडी झाकण आणि झाकणाला खाली लोंबणारी दोरी.

हे सगळं मी पाहिलं, पण तेव्हा वाटलं ते एवढंच, की उघडी भोकं एकोणीस.

राखणदार अबू हमद. सत्तरीचा, दाढीला मेंदी. आमच्यासमोर नजर वर न करता त्याने चूल पेटवली आणि वाटीएवढ्या कपांत कहवा दिला. मी पिऊन कप खाली ठेवला की तो भरायचा. पाहुण्याचं मन मोडू नये म्हणून मी पीत राहिले. सातव्या कपाला माझ्या छातीत धडधडायला लागलं तेव्हा इब्राहिम म्हणाला, "वहिनी, कप हलवून द्यायचा हातात. नायतर तो सकाळपर्यंत ओतनार." मी कप हलवला. अबू हमदने गंभीरपणे तो घेतला आणि इब्राहिमला काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतो?"

"म्हनतो, ह्या बाईच्या घरात दुष्काळ हाय काय."

कहवा झाल्यावर मी कामाला लागले. इब्राहिमला शिडीवर चढवलं आणि एकेक झरोका पारदर्शक प्लॅस्टिकने बंद करत गेलो. अबू हमद पाटाचं पाणी वळवायचं सोडून दारात उभा राहिला. चुलीतला विस्तव विझत आला होता. मी इब्राहिमला छतावर पाठवलं, झाकण पाडून त्यावर प्लॅस्टिक पसरायला आणि दगड ठेवायला सांगितलं. तेव्हा म्हातारा मोठ्याने बोलायला लागला, एकच वाक्य दोनदा, हात वर करून.

"म्हनतो हे बंद करायचं नसतं," इब्राहिम वरून ओरडला.

"त्याला सांग, युद्ध चालू आहे."

इब्राहिमने सांगितलं. म्हातारा माझ्याकडे पहिल्यांदा आणि एकदाच पाहून निघून गेला. मी वहीत टिक केली.

दुसरी सकाळ

आम्ही दोघी खोलीत झोपलो, इब्राहिम गाडीत. जानेवारीत तिकडे पहाटे हाडं गोठतात. फटफटलं तेव्हा झुबेदा दोन कांबळ्यांत कुडकुडत होती, दात वाजत होते. अशी थंडी तिच्या पोटातल्याला चालेल का, मला कळेना. मी इब्राहिमला हाक मारली. त्याने अबू हमदच्या झोपडीतून फावडंभर निखारे आणि टोपलीभर कोळसा आणून चुलीत घातला. धूर नव्हता, ज्वाळा नव्हती, नुसती लालबुंद ऊब. झुबेदा चुलीजवळ सरकली. मी मनात म्हटलं, चला, हे एक काम झालं.

इतक्यात आवाज झाला. भोंगा नाही, घरघर नाही, सरळ आभाळ फाटल्यासारखा एक धमाका. कोनाड्यातल्या कहवादाण्या एकमेकींवर आपटल्या. छतातून माती झरली. मागोमाग दोन विमानांचा आवाज फार खालून गेला. तो धमाका विमानांच्या वेगाचा होता हे आज मला माहीत आहे. तेव्हा माझ्या डोक्यात एकच आलं, पडलं, इथेच जवळ पडलं.

"आत ये!" मी दारात उभ्या इब्राहिमला ओढलं, दार लावलं, फटींना चिकटपट्टी मारली, टॉवेल भिजवून उंबऱ्याला लावला. सगळं दोन मिनिटांत. मला माझा अभिमान वाटला हे लपवत नाही. मग आम्ही तिघं चुलीभोवती बसलो. इब्राहिमने ट्रान्झिस्टर लावला, नुसती खरखर. तो हळू आवाजात दुवा म्हणत होता. मी घड्याळ पाहत होते.

अर्ध्या तासाने झुबेदा म्हणाली, "वहिनी, डोकं फुटतंय."

डोकं माझंही दुखत होतं. भीतीने दुखतंय, असं मी म्हटलं. थोड्या वेळाने तिला उलटी झाली. मग इब्राहिम उठायला गेला आणि त्याचे गुडघे वाकले. त्याने भिंतीला हात लावून माझ्याकडे पाहिलं, आणि आम्हा दोघांच्या मनात एकाच वेळी तेच आलं.

"गॅस," तो म्हणाला. "वहिनी, गॅस आला."

कुठून येत होता? मी हातांनी चाचपत दाराच्या फटी पाहिल्या. सगळ्या बंद. अजून पट्टी मारली. उरलेलं सगळं पाणी टॉवेलांवर ओतलं, एक झुबेदाच्या तोंडावर धरला. तिचे गाल छान गुलाबी दिसत होते आणि डोळे मिटत होते. "झोपू नको," मी तिला चापट मारली. "बाळ हलतंय का?" ती म्हणाली, "कळत नाय वो. काय कळत नाय." इब्राहिम तिचे पाय धरून रडत होता. माझ्या हातातून चिकटपट्टीचा रोल पडला आणि तो उचलावा कसा हेच मला सुचेना.

बाहेर काय चाललंय ते पाहावं म्हणून मी शिडीच्या तीन पायऱ्या कशीबशी चढले आणि झरोक्याच्या प्लॅस्टिकला डोळा लावला. वाटलं होतं पिवळा धूर दिसेल.

ऊन पडलं होतं. अबू हमद कुदळीने पाट फोडत होता. त्याच्यामागे त्याची शेळी लसूणघास चावत होती. दोन बुलबुल डाळिंबावर भांडत होते.

मी किती वेळ पाहत होते सांगता येत नाही. डोकं चालत नव्हतं. हिशोब अगदी सोपा होता, पण मला तो लहान मुलासारखा बोटांवर करावा लागला. वायू बाहेर आहे. शेळी बाहेर आहे. शेळी चावते आहे. आम्ही आत आहोत.

"इब्राहिम, दार उघड."

"नाय."

"वायू आत आहे. दार उघड!"

"तुमचा डोका फिरला काय? बाहेर गॅस हाय! माझी बायको हाय इथे, माझं पोर हाय!" तो दाराला पाठ लावून उभा राहिला. चालता येत नव्हतं तरी हात आडवे पसरले होते.

मी खाली आले, म्हणजे बहुधा पडलेच. त्याला कॉलर धरून शिडीकडे ढकललं. "शेळी बघ. आधी शेळी बघ, मग मला मार."

तो चढला. पाहिलं. मग उतरला आणि दाराला लाथ मारली.

झुबेदाला आम्ही ओढत नेऊन घासाच्या ओल्या वाफ्यात आडवी केली. अबू हमद धावत आला. त्याने खोलीच्या दारातून एकदा चुलीकडे आणि एकदा छताकडे पाहिलं, आणि त्या वयात भिंतीलगतच्या खांबाच्या खाचांना धरून सरसर छतावर चढला. दगड भिरकावले, झाकण उचकटलं. वरून तो मला जे बोलला त्यातला एकही शब्द मला कळला नाही आणि अर्थ पूर्ण कळला.

दवाखाना

जवळच्या गावात सरकारी दवाखाना होता. इब्राहिमने गाडी कशी चालवली त्याला माहीत. झुबेदा शुद्धीवर होती, पोटावर दोन्ही हात ठेवून नुसती पुढे पाहत होती. "हलत नाय," एवढंच दर पाच मिनिटांनी.

दारातून आत शिरताच इब्राहिम ओरडला, "गाज! गाज!" म्हणजे गॅस, आणि सगळं थिजलं. कारकून खुर्चीवरून उठून मागे सरकला. एका बाईने आपल्या तान्ह्याच्या तोंडावर बुरखा ओढला. रांगेतली माणसं दाराकडे पळाली, एक म्हातारा त्या गर्दीत पडला. आमच्या जवळ कुणी येईना. झुबेदा भिंतीला टेकून उभी आणि तिच्याभोवती रिकामी फरशी.

मला अरबी येत नाही. पण बत्ह्यात शेगडीसाठी कोळसा घेताना शिकलेला एक शब्द येत होता. "फहम!" मी ओरडले. "फहम! फहम! कोळसा! दार बंद, कोळसा!"

आतून डॉक्टरीणबाई आल्या. इजिप्तच्या, जाड चष्मा, माझ्याच वयाच्या. त्यांनी झुबेदाला टेबलावर घेऊन तोंडावर ऑक्सिजन लावला आणि इंग्रजीत भराभर विचारलं. किती वेळ? किती कोळसा? धूर जायला वाट नव्हती?

"होती," मी म्हटलं. "छताला."

"मग ती कुणी बंद केली?"

इब्राहिमने माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं मी काही वेगळं बोलले असते तरी त्याने मला खोटं पाडलं नसतं. तो तसा माणूस होता. झुबेदाचे डोळे मुखवट्याच्या वर उघडे होते.

"मी," मी म्हटलं. "राखणदाराने नको म्हटलं होतं. मी बंद केली." तेच मी मराठीतही म्हटलं, दोघांना कळावं म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी झुबेदाच्या पोटावर कर्ण्यासारखी नळी ठेवली आणि कान लावला. एका जागी. मग दुसऱ्या. मग पहिल्या. इब्राहिम भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बराच वेळ गेल्यावर त्यांनी कान न उचलता मोकळ्या हाताचं बोट टेबलाच्या लोखंडी कडेवर आपटायला सुरुवात केली. टक टक टक टक. मला आधी वाटलं त्या वैतागल्या आहेत. मग कळलं, त्या आम्हाला ते ठोके ऐकवत होत्या.

"जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "बाकीचं आज कुणी सांगू शकणार नाही. मूल मोठं होईल तेव्हा कळेल."

पुन्हा बागेत

दोन दिवस झुबेदाला तिथे ठेवलं. सामान आणायला मी आणि इब्राहिम बागेत गेलो. तो माझ्याशी बोलत नव्हता. विचारलं तर उत्तर द्यायचा.

चिकटपट्ट्या मीच काढल्या. प्रत्येकीबरोबर गिलाव्याचा एक पापुद्रा आला. शंभर वर्षांच्या भिंतीवर अठरा त्रिकोणी जखमा. अबू हमदने माती आणि भुसा कालवला, एक गोळा माझ्या हातात दिला आणि शिडीकडे बोट दाखवलं. दुपारपर्यंत मी लिंपत होते. तो खालून पाहायचा, पसंत नसलं तर जीभ टाळ्याला लावून आवाज करायचा. मग त्याने चूल पेटवली, दोरी ओढली, आणि मला वर पाहायला खुणावलं. धूर सरळ काठीसारखा वर गेला आणि उन्हाच्या चौकोनातून बाहेर पडला. त्रिकोणी झरोक्यांतून थंड वारा आत येत होता, तो धुराला वर ढकलत होता. त्या खोलीला पंखा नाही, चिमणी नाही. ती खोलीच चिमणी आहे.

माझ्या माहेरी, बार्शीला, काकांचं माळवदाचं घर आहे. त्याच्याही मातीच्या छताला, चुलीवर, असंच भोक असतं. आम्ही त्याला सवणं म्हणतो. लहानपणी पावसाळ्यात ते झाकायला मीच जायची आणि चूल पेटायच्या आधी उघडायलाही मीच. हे मला तिथे, हाताला चिखल लागलेला असताना आठवलं. दोन दिवसांपूर्वी आठवलं नाही. भीतीत माणसाला टीव्हीवर ऐकलेलं आठवतं.

घाट

ताइफला एक रात्र राहून आम्ही जेद्दाकडे उतरलो. ताइफचा घाट म्हणजे आपल्या वरंध घाटाच्या दुप्पट, आणि कठड्यावर माकडं बसलेली. केसाळ, लाल बुडाची, कुत्र्याच्या तोंडाची. एकाने गाडीच्या बॉनेटवर उडी मारून काचेतून इब्राहिमकडे टक लावून पाहिलं.

"तुमचा भाऊ दिसतोय," झुबेदा म्हणाली, आणि लगेच तिने श्वास रोखला.

इब्राहिमने गाडी तिथेच वळणावर थांबवली. मागचे ट्रक हॉर्न वाजवू लागले.

"हलला," ती म्हणाली. "परत हलला."

इब्राहिमने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. थोड्या वेळाने तो मागे न वळता म्हणाला, "वहिनी, पाणी द्या जरा." चार दिवसांत त्याने माझ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट.

श्रीवर्धन

युद्ध संपलं. श्रीकांत सुखरूप आहेत, पंपही. झुबेदाला श्रीवर्धनला तिच्या माहेरी मुलगी झाली. पत्रात लिहिलं होतं, तब्येत चांगली. पण चांगली म्हणजे काय, ते पत्रातून कळत नाही. ती सहा महिन्यांची झाल्यावर मी एसटीने गेले.

झुबेदाच्या आईने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी आग्रहाने वाढली. मी भराभर जेवले. मुलगी ओटीवर गोधडीवर पालथी पडून स्वतःची मूठ चोखत होती. मी तिच्यासमोर किल्ल्या फिरवल्या. डोळे किल्ल्यांमागे गेले. बोट दिलं, तिने घट्ट धरलं. दोन्ही हातांनी धरते का पाहिलं. खेळवते आहे असं दाखवत होते. मग झुबेदा चहा आणायला आत गेल्याचं पाहून मी मुलीच्या मागे जाऊन बसले आणि तिला दिसणार नाही अशी टाळी वाजवली.

मुलीने मान वळवली. माझ्याकडे पाहिलं.

मी वर पाहिलं तर झुबेदा दारात उभी होती, हातात दोन कप. किती वेळ उभी होती माहीत नाही. ती आली, कप खाली ठेवले, आणि मुलीच्या पुढ्यात बसून तिच्या चेहऱ्याकडे एकटक पाहत राहिली.

"दुसऱ्या कानाकडून वाजवा, वहिनी," ती म्हणाली. "मी वाजवते तेव्हा माझे हात कापतात."